बेरोजगारी भत्त्याचा दावा नेमका कुठे अडला आहे, ते आधी शोधा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी एका औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षे सीएनसी ऑपरेटर होतो. पगार दरमहा १८ हजार रुपये, त्यातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ दोन्ही कापले जात. ३१ ऑक्टोबरला कंपनीने आमची लाइन बंद केली आणि आम्हा काही जणांना ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले. डिसेंबरमध्ये मी अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेखाली ऑनलाइन दावा केला. बँकेच्या तपशिलात त्रुटी म्हणून तो एकदा परत आला, मी दुरुस्त करून पुन्हा पाठवला. आता मार्च संपत आला तरी पैसे नाहीत. शाखा कार्यालयात गेलो की ‘कंपनीकडून माहिती आली नाही’ असे सांगतात. कंपनीचे एचआर म्हणतात, ‘आधी ऑक्टोबरच्या तारखेचा राजीनामा सही करून द्या, मग तुमचा हिशेब आणि ईएसआयसीचे कागद दोन्ही करतो.’ माझ्या एका सहकाऱ्याने तशी सही दिलीसुद्धा. मध्यंतरी आईला ईएसआयच्या दवाखान्यात नेले, तर खिडकीवर ‘नोकरी नाही, म्हणजे कार्ड बंद’ असे ऐकून परत आलो. एक एजंट रकमेच्या दहा टक्क्यांवर काम करून देतो म्हणतो. मी राजीनामा द्यावा का? पैसे किती मिळतील? आणि आणखी किती थांबायचे?

– एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत तातडीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: राजीनाम्यावर सही करू नका. आपण ज्या योजनेखाली दावा केला आहे, ती नोकरी गेलेल्या माणसासाठी आहे, नोकरी सोडलेल्या माणसासाठी नाही. स्वेच्छेने नोकरी सोडणारा, मुदतपूर्व किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणारा, गैरवर्तनासाठी काढून टाकलेला, बेकायदा ठरवलेल्या संपात सहभागी झालेला, तसेच निवृत्तीचे वय झालेला कामगार या साहाय्याला पात्र ठरत नाही. म्हणजे एचआरच्या टेबलावरचा तो एक पानी कागद आपल्या दाव्याला गती देणारा नसून, तो दावा मुळातूनच नाकारण्याचे कारण कार्यालयाच्या हाती देणारा आहे. मागील तारीख घालून सही मागितली जाते, यातच कंपनीला कशाची नोंद हवी आहे ते दिसते. झालेल्या कामाचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि पाच वर्षांहून अधिक सलग सेवेमुळे आपल्याला देय असलेली ग्रॅच्युइटी हे सारे आपल्या सेवेतून निर्माण झालेले देणे आहे, राजीनाम्याच्या मोबदल्यात मिळणारी बक्षिसी नव्हे. कामगारकपात झाली असेल, तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी नुकसानभरपाईही कायद्याने देय ठरते. राजीनामा दिला की तीही जाते, आणि माझ्या मते कंपनीच्या आग्रहामागचे खरे कारण बहुधा तेच आहे.

आता कंपनीने आपला कागद अडवून धरला आहे, या समजुतीविषयी. ही योजना १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा दावा मालकामार्फत पाठवावा लागत असे, आणि साहाय्यही सरासरी दैनिक कमाईच्या केवळ २५ टक्के होते. २०२० मध्ये करोनाकाळातील बेरोजगारी पाहून कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, म्हणजे ईएसआयसीने, नियम सैल केले. दर ५० टक्के झाला, नोकरी गेल्यानंतर ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करण्याची मुभा मिळाली आणि मुख्य म्हणजे विमाधारकाने दावा थेट शाखा कार्यालयाकडे करावा, मालकाकडून करायची पडताळणी शाखा कार्यालयाने स्वतः करावी, असे ठरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्टॅम्प पेपरवरील प्रतिज्ञापत्राची अटही काढून टाकण्यात आली. अजूनही कोणी आपल्याकडे प्रतिज्ञापत्र मागत असेल, तर ते कोणत्या परिपत्रकानुसार हवे आहे, असे नम्रपणे विचारावे. तात्पर्य, ‘कंपनीकडून माहिती आली नाही’ हे वाक्य आपल्याला सांगून कार्यालयाची जबाबदारी संपत नाही. ती माहिती मागवणे हे त्यांचेच काम आहे, आणि ती केव्हा व कशी मागवली हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तरीही मी कार्यालयाला सरसकट दोष देणार नाही. असे दावे रखडतात ते बहुतेक वेळा कोणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे, तर दोन नोंदी एकमेकींशी न जुळल्यामुळे, आणि कोणती नोंद जुळत नाही हे दावेदाराला कोणीच स्पष्ट न सांगितल्यामुळे. म्हणून पुढची फेरी मारण्याआधी घरी बसून महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करा आणि स्वतःची नोंद वकिलाच्या नजरेने वाचून काढा.

पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे कामाचा शेवटचा दिवस आणि नोकरी संपल्याचे कारण. मालक दर महिन्याचे अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरताना, ज्या कामगाराचे कामाचे दिवस शून्य आहेत त्याच्या नावापुढे एक कारण निवडतो. त्या यादीत ‘नोकरी सोडली’, ‘निवृत्त’, ‘कामगारकपात’, ‘काम उपलब्ध नाही’, ‘संप किंवा टाळेबंदी’ असे वेगवेगळे पर्याय असतात. भरणारा लिपिक सवयीने ‘नोकरी सोडली’ हा पर्याय टिचकी मारून मोकळा होतो, आणि त्याच्या त्या एका टिचकीने कामगार स्वेच्छेने गेल्याचे चित्र नोंदीत उभे राहते. याहून वाईट म्हणजे शेवटचा दिवस न भरता नाव तसेच चालू ठेवले जाते. मग नोंदीनुसार आपण अजून नोकरीतच असता, आणि नोकरीत असलेल्या माणसाला बेरोजगारीचे साहाय्य कोणते कार्यालय देईल? आपल्या बाबतीत या दोहोंपैकी एक असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. जाता जाता पीएफच्या नोंदीतील नोकरी सोडल्याची तारीखही पाहून ठेवा. मालकाने ती भरली नसेल, तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी सदस्याला आपल्या युएएन (पीएफचा कायम क्रमांक) खात्यातून आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीच्या साहाय्याने ती स्वतः भरता येते. फक्त ती ईएसआयसीच्या दाव्यातील तारखेशी जुळली पाहिजे, आणि कारण निवडताना राजीनाम्याचा उल्लेख चुकूनही होऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट अंशदानाची. पात्रतेसाठी बेरोजगारीपूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी असावी लागते. तसेच बेरोजगारीच्या लगतच्या आधीच्या अंशदान कालात किमान ७८ दिवसांचे आणि त्याआधीच्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालांपैकी कोणत्याही एकात किमान ७८ दिवसांचे अंशदान जमा असावे लागते. अंशदान काल दोन असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. आपले काम ३१ ऑक्टोबरला थांबले, म्हणून आपल्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर हा काल निर्णायक आहे. लाइन बंद करण्यापूर्वी कंपनीने त्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात काही आठवडे काम थांबवले असेल, तर त्या महिन्यांत आपल्या नावावर किती दिवस दाखवले आहेत, ते बारकाईने मोजा.

पगारपत्रकात कपात दिसणे आणि महामंडळाकडे ती रक्कम जमा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सध्याच्या दराने कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. आपल्या १८ हजारांवर दरमहा आपले १३५ रुपये आणि कंपनीचे ५८५ रुपये जायला हवेत, तेही पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. पगारपत्रकात १३५ रुपये कापलेले दिसत असतील आणि संकेतस्थळावर तो महिना कोरा असेल, तर ती निव्वळ दिरंगाई नाही. कामगाराच्या पगारातून कापून घेतलेली रक्कम ही कायद्याच्या दृष्टीने मालकाकडे विश्वासाने सोपवलेली रक्कम असते आणि ती न भरणे हा गुन्हा आहे. अशा वेळी त्या महिन्यांची पगारपत्रके आणि बँकेत जमा झालेल्या पगाराचे विवरण जोडून शाखा कार्यालयाकडे आणि त्यावरच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे स्वतंत्र तक्रार करावी. वसुलीचे अधिकार महामंडळाला आहेत. ही तक्रार आपल्या दाव्याच्या पाठपुराव्यात मिसळू नये, म्हणून तिचा कागद वेगळाच ठेवावा.

तिसरी गोष्ट बँकेची. आपला दावा यावरून एकदा परत आलाच आहे, म्हणून दुरुस्ती खरोखर पुरी झाली आहे का ते तपासा. आपल्याकडे नावाचा घोळ जुनाच आहे. आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने पूर्ण लिहिलेले, पासबुकावर केवळ आद्याक्षरे, आणि ईएसआयसीच्या नोंदीत कंपनीच्या लिपिकाने स्वतःच्या मनाने लिहिलेले तिसरेच काही. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना तर याचा जाच सर्वाधिक होतो. या तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच नाव असावे आणि आधार व बँक खाते दोन्ही आपल्या विमा क्रमांकाशी जोडलेले असावे. बँकांच्या विलीनीकरणाकडेही लक्ष द्या. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये, तर सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन, ओरिएंटल, युनायटेड आणि अलाहाबाद या बँका १ एप्रिल २०२० रोजी वेगवेगळ्या मोठ्या बँकांमध्ये विलीन झाल्या आणि त्यांच्या शाखांचे जुने आयएफएस कोड पुढे रद्द झाले. जुने पासबुक पाहून कोड भरला असेल, तर मंजूर झालेली रक्कमही खात्यापर्यंत पोहोचत नाही आणि दावेदाराला वाटते की दावाच अडला आहे. पासबुकाचे नवे पहिले पान छापून घ्या आणि त्यावरूनच भरा.

आपण रकमेविषयी विचारले आहे. ‘पगाराच्या निम्मे’ असे ऐकून पुष्कळ जण दरमहा नऊ हजारांची अपेक्षा धरतात, मात्र हिशेब थोडा वेगळा आहे. मागील चार अंशदान कालांतील, म्हणजे दोन वर्षांतील, एकूण वेतनाला ७३० ने भागून सरासरी दैनिक कमाई काढतात आणि तिच्या ५० टक्के रक्कम प्रतिदिन मिळते. चोवीस महिने प्रत्येकी १८ हजार रुपये धरले तर एकूण ४ लाख ३२ हजार होतात. त्याला ७३० ने भागता सुमारे ५९२ रुपये, त्याच्या निम्मे सुमारे २९६ रुपये प्रतिदिन, आणि कमाल ९० दिवसांचे मिळून साधारण २६ हजार ६३० रुपये होतात. याच हिशेबात अंशदानाचे महत्त्व कळते. त्या दोन वर्षांत सहा महिने कंपनीने आपली नोंदच केली नसेल, तर बेरीज घटून ३ लाख २४ हजारांवर येते, मात्र भाजक ७३० तसाच राहतो, आणि आपल्या हाती २० हजारांहूनही किंचित कमी रक्कम पडते. पात्रतेच्या दोन्ही अटी पुऱ्या होत असूनही साडेसहा हजारांचे नुकसान होते, ते असे. हे ९० दिवस संपूर्ण हयातीत एकदाच मिळतात, त्यामुळे अपुऱ्या नोंदीवर ते खर्च होऊ देण्याची घाई करू नये.

येथे एक मुद्दा आपल्या नजरेतून निसटला असावा असे वाटते. या योजनेत पुढच्या दिवसांसाठी आगाऊ दावा करता येत नाही. होऊन गेलेल्या बेरोजगारीच्या काळापुरताच दावा स्वीकारला जातो. आपले ९० दिवस १ नोव्हेंबरपासून मोजले तर २९ जानेवारीला पुरे होतात, आणि आपण दावा केला तो डिसेंबरमध्ये. म्हणजे तो मंजूर झाला तरी त्या तारखेपर्यंतच्या दिवसांपुरताच असणार. उरलेल्या दिवसांचा दावा आपण वेगळा केला आहे का, हे पाहा आणि केला नसेल तर आता करा. नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत दावा करायचा असतो, त्यामुळे वेळ गेलेली नाही. योजना मात्र कायमस्वरूपी नसून तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. मध्यंतरी दुसरी नोकरी लागली, तर त्या दिवसापासून साहाय्य थांबते, पण त्याआधीच्या बेरोजगार दिवसांचा हक्क बुडत नाही. नव्या मालकाला आपला जुनाच विमा क्रमांक द्या. नवा क्रमांक निघाला की एका माणसाच्या दोन नोंदी होतात आणि मागची सेवा पुढच्या सेवेला जोडताना नाकीनऊ येतात.

आता आपण न विचारलेली, पण माझ्या दृष्टीने या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट. आपण लिहिता की कंपनीने लाइन बंद केली आणि काही जणांना कमी केले. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कामगारकपातीमुळे बेरोजगार झालेल्या विमाधारकासाठी महामंडळाची दुसरी, अधिक जुनी योजना आहे: राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ती १ एप्रिल २००५ पासून लागू आहे आणि तिच्याखाली मिळणारा भत्ता ९० दिवसांचा नव्हे, तर कमाल २४ महिन्यांचा असतो. पहिल्या वर्षी तो वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर त्याहून कमी दराने मिळतो. भत्ता चालू असेपर्यंत विमाधारकाला व कुटुंबाला वैद्यकीय सेवा मिळते. दोन्ही योजनांचा लाभ एकाच काळासाठी घेता येत नाही. दुसरी योजना उदार आहे, पण तिचा दरवाजा अरुंद आहे, कारण कपात किंवा बंदी झाल्याचे कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते, आणि आपल्याला तर तोंडी निरोप मिळाला आहे. म्हणूनच राजीनाम्याचा प्रश्न केवळ २६ हजारांचा नाही.

मी आपल्या जागी असतो तर याच आठवड्यात कंपनीला एक पत्र पाठवले असते. ‘मी आपल्या कारखान्यात अमुक तारखेपासून कामावर होतो. ३१ ऑक्टोबर रोजी लाइन बंद झाल्याचे सांगून मला दुसऱ्या दिवसापासून कामावर येण्यास तोंडी मनाई करण्यात आली. मी राजीनामा दिलेला नाही व देण्याची इच्छाही नाही. मला सेवासमाप्तीचे कारण नमूद केलेले लेखी पत्र द्यावे, माझ्या कामाचा शेवटचा दिवस व योग्य कारण ईएसआयसीच्या नोंदीत भरावे आणि माझी कायदेशीर देणी द्यावीत.’ एवढाच मजकूर पुरे. त्यात राग, इतिहास आणि व्यवस्थापकांचा स्वभाव यांना जागा नको. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, ईमेलनेही पाठवावे आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन तिच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. उत्तर आले तर उत्तमच. न आले तरी, आपण स्वेच्छेने नोकरी सोडली नाही, हे वेळीच लेखी सांगितल्याचा पुरावा तयार होतो, आणि पुढे पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या आधारे आपल्या बाजूने शेरा लिहिता येतो. ज्या सहकाऱ्याने सही दिली आहे, त्यालाही हे वाचायला द्या. दबावाखाली सही घेतली असल्यास ते कंपनीला आणि कामगार कार्यालयाला ताबडतोब लिहून कळवणे, एवढा मार्ग त्याच्यासाठी उरतो. तो अवघड आहे, आणि रोज थोडा अधिक अवघड होत जातो.

दुसरे पत्र शाखा व्यवस्थापकांना. दाव्याचा क्रमांक, विमा क्रमांक आणि दाव्याची तारीख वर लिहून तीन गोष्टी विचारा: माझा दावा आज कोणत्या टप्प्यावर आहे, मालकाकडून पडताळणी कोणत्या तारखेला व कोणत्या माध्यमातून मागवली, आणि माझ्याकडून कोणता कागद अपुरा आहे. सोबत आधार, पासबुकाचे पान, शेवटच्या काही महिन्यांची पगारपत्रके, पगार थांबल्याचे दाखवणारे बँक विवरण आणि कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडावी. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करावी आणि जोडलेल्या कागदांची यादी अर्जाच्या तळाशी लिहावी, म्हणजे ‘तो कागद नव्हताच’ असे उद्या कोणी म्हणू शकणार नाही. खिडकीवर अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नये. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली, तर वाद न घालता तोच अर्ज टपालाने पाठवावा. आजवरच्या आपल्या फेऱ्यांचा काही उपयोग झाला नाही, कारण त्यांची कोठेही नोंद नाही. तोंडी विचारणेला तोंडी उत्तर मिळते आणि ते देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आठवावेच लागते असे नाही.

किती थांबायचे? दावे पंधरा दिवसांत निकाली काढले जातील, असे २०२० मधील सुधारणांच्या वेळी सरकारने जाहीर केले होते. तोच निकष धरून आपल्या लेखी अर्जानंतर पंधरा दिवस वाट पाहावी. पुढे वरच्या कार्यालयाकडे जावे. महामंडळाच्या कार्यालयांत ‘सुविधा समागम’ या नावाने दर महिन्याला तक्रार निवारणाची बैठक भरते. तेथे शिक्क्याच्या प्रती घेऊन समक्ष गेल्यास निर्णय घेऊ शकणारा अधिकारी समोर बसलेला असतो, हा मोठाच फायदा. तिची तारीख १८००-११-२५२६ या निःशुल्क क्रमांकावर किंवा शाखेत विचारता येईल. त्याच्याच जोडीला केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ या तक्रार संकेतस्थळावर नोंद करावी. ऑगस्ट २०२४ पासून तेथील तक्रारी निकाली काढण्याची मुदत २१ दिवसांची आहे, आणि उत्तर असमाधानकारक असेल तर अपील करता येते. ‘संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा’ एवढ्या उत्तरावर तक्रार बंद केली गेली, तर अपील जरूर करा.

माहिती अधिकाराचा अर्ज हे अखेरचे हत्यार मानण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. तो दहा रुपयांत होतो, मराठीतही लिहिता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. म्हणून तो तक्रारीच्या बरोबरीनेच टाकावा. मात्र ‘माझा दावा का रखडला?’ असा प्रश्न त्यात विचारू नये, कारण माहिती अधिकाऱ्याला दफ्तरी असलेली माहिती द्यायची असते, कारणमीमांसा नव्हे. त्याऐवजी दाव्यावर झालेल्या कार्यवाहीची तारीखवार नोंद, त्यावरील शेऱ्यांच्या प्रती, मालकाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती, आणि सध्या तो दावा ज्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्याचे पदनाम मागावे. मालकाशी पत्रव्यवहार झालाच नसेल, तर ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर त्यांना सहीनिशी द्यावे लागेल. पुष्कळदा ते उत्तर लिहिण्याची वेळ येण्याआधीच मालकाला पत्र जाते.

आपल्या आईच्या उपचारांबाबत खिडकीवर मिळालेले उत्तर बरोबर नव्हते. अंशदान काल आणि लाभ काल वेगवेगळे असतात. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील अंशदानावर पुढील १ जानेवारी ते ३० जून हा लाभ काल मिळतो. त्या सहामाहीत आपले ७८ किंवा अधिक दिवस जमा असतील, तर नोकरी गेली असली तरी ३० जूनपर्यंत आपण आणि आपल्यावर अवलंबून असलेले आई-वडील वैद्यकीय सेवेस पात्र आहात. विमाधारकाच्या खात्यातील पात्रतेचे पान छापून, ई-पेहचान कार्डासोबत (ईएसआयसीचे ओळखपत्र) घेऊन जा, आणि तरीही नकार मिळाला तर दवाखान्याच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. उपचार थांबू देऊ नका. बाकीची लढाई चालू राहील, पण औषध चुकवणे परवडणारे नाही.

राहिला एजंट. या दाव्यासाठी महामंडळ कोणतेही शुल्क घेत नाही, आणि वर सांगितलेल्यांपैकी असे एकही काम नाही जे आपण स्वतः करू शकत नाही. मालकाची नोंद एजंटला बदलता येत नाही, आणि ती तो ‘आतून’ बदलून देतो म्हणत असेल, तर खोट्या नोंदीचे परिणाम त्याला नव्हे, आपल्याला भोगावे लागतील. खोटे निवेदन करून लाभ घेतल्याबद्दल दोषी ठरलेल्या विमाधारकाला ही योजना बंद होते. टंकलेखनासाठी किंवा अर्ज अपलोड करण्यासाठी कोणाची मदत घेऊन त्याचे वाजवी पैसे दिले तर त्यात काही गैर नाही. मात्र आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी आणि विमाधारक खात्याचा पासवर्ड त्याच्या हाती देऊ नये. आपण डिसेंबरमधील अर्ज अशा कोणाकडून भरून घेतला असेल, तर आजच पासवर्ड बदला आणि खात्यात मोबाइल क्रमांक व बँक खाते आपलेच नोंदलेले आहे ना, ते पाहून घ्या.

आपला,
सदरलेखक